दादांची हाक आणि माझा कम्प्युटर

माझा कम्प्युटर आपोआप चालू व्हायला लागला तेव्हा मी पहिला संशय सासूबाईंवर घेतला आणि दुसरा मांजरावर. सासूबाई फडकं घेऊन टेबलापाशी गेल्या की काही ना काही दाबल्याशिवाय परतत नाहीत, आणि मांजराला माऊसला टेकून झोपायची सवय आहे. मी सकाळचं काम उरकून, कम्प्युटर नीट बंद करून स्वयंपाकघरात भाकरी थापायला जायचे. हात धुऊन परत येते तो काय, स्क्रीन उजळलेला, खालच्या डब्यातला पंखा घुं घुं करतोय आणि खोलीत चिटपाखरू नाही.

आमचं घर देवळाली प्रवरापासून थोडं बाहेर, कालव्याच्या अंगाला वस्तीवर आहे. तिन्ही बाजूंनी ऊस आणि चौथ्या बाजूला रस्ता. मी मूळची केडगावची. लग्नाआधी तिथल्या एका छपाईच्या दुकानात टायपिंग आणि डिझाइनचं काम करायचे, आणि माहेराहून आंदण म्हणून काही आणलं असेल तर ते हे काम. पुढच्या खोलीत खिडकीशी माझं टेबल आहे. त्याच्यावर वस्तीवरच्या आणि आसपासच्या चार गावांतल्या लग्नपत्रिका होतात, दहाव्याची कार्डं होतात, वाढदिवसाचे फ्लेक्स होतात. परीक्षा जवळ आल्या की क्लासवाल्यांच्या प्रश्नपत्रिका येतात. हा कम्प्युटर बिघडला तर माझा हात मोडल्यासारखंच आहे, म्हणून त्याच्या बाबतीत मी जरा तापटच. तशी इतर बाबतीतही आहे, असं घरच्यांचं म्हणणं.

त्याच दिवसांत आमच्याकडं आणखी एक गोष्ट नव्यानं सुरू झाली होती, ती म्हणजे दादांची हाक. दादा म्हणजे माझे सासरे. कम्प्युटरचा आणि हाकेचा एकमेकांशी काही संबंध असेल, हे आमच्यापैकी कुणाच्या स्वप्नातही आलं नाही. पण हाक काय ते कळल्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही, तेव्हा आधी तिचं सांगते.

शेतातल्या मोटरींना तीन फेजची लाईट लागते आणि ती ठरावीक तासच मिळते. बाकीच्या वेळी घरातले दिवे आणि पंखे चालतील एवढी सिंगल फेज असते. हल्ली आमच्याकडं तीन फेज दिवसा मिळते, हे आमचं नशीब. ती कधी येणार ह्याचं वेळापत्रकही असतं, पण लाईट ते वाचत नाही. पूर्वी ह्याच्यावर उपाय म्हणून सगळ्यांनी मोटरींना ऑटो बसवले होते. ऑटो म्हणजे एक डबी. तीन फेज आली की ती मोटर आपोआप चालू करते, माणसानं विहिरीवर जायची गरज नाही. ऐकायला हे फार छान वाटतं. पण सगळ्या मोटरी एकाच क्षणी उठल्या की सगळा भार डीपीवर पडतो, म्हणजे वस्तीच्या ट्रान्सफॉर्मरवर. एका उन्हाळ्यात ती डीपी जळाली आणि दुसरी येईपर्यंत लोकांना डोळ्यांदेखत ऊस वाळताना बघावा लागला.

त्यानंतर वस्तीवरचे सगळे मारुतीच्या पारावर बसले आणि ठरलं, की ऑटो काढून टाकायचे. तीन फेज आली की एकानं हाक द्यायची आणि एकामागून एक, हातानं मोटरी चालू करायच्या. आमची विहीर डीपीच्या सगळ्यात जवळ आणि दादांचा आवाज सगळ्यांत मोठा, म्हणून हाक दादांकडं आली. क्रम त्यांनीच लावला. लांबच्याची मोटर आधी, स्वतःची सगळ्यात शेवटी. विहिरीवरच्या पेटीवरचे तीन दिवे लागले की दादा बांधावर उभे राहायचे आणि आवाज टाकायचे, "वरचा मळाऽ!" ती हाक एका बांधावरून दुसऱ्या बांधावर पुढं जायची. वरच्या मळ्यातल्या मोटरीनं सूर धरला की "चिंचंखालीऽ!" मग "वढ्याकडऽ!" असं करत करत शेवटी "आपलीऽ!" मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या सकाळी मला वाटलं, कुणीतरी कुणाला भांडायला बोलावतंय. सासूबाई म्हणाल्या, "अगं, मोटरींची हजेरी हाय ती."

तर असे हे दादा मागच्या पावसाळ्यानंतर बांधावरून घसरले आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. नगरला ऑपरेशन झालं, चांगलं झालं. पण डॉक्टरांनी बजावलं, सपाट फरशीवर वॉकर घेऊन कितीही चाला, बांधावर पाय ठेवायचा नाही. दादांची खाट ओसरीवर माझ्या खिडकीखाली आली. तिथून ऊस दिसतो, डीपी दिसते, पण विहिरीवरचे तीन दिवे दिसत नाहीत.

हाक आमच्या ह्यांच्याकडं गेली. आमचे हे कष्टाला वाघ आहेत, पण आवाज गोगलगायीचा, आणि विहिरीवर असले तरी कानाला फोन. तीन फेज येऊन जुनी व्हायची तेव्हा ह्यांना कळायचं. त्यावर वस्तीवरच्या मंडळींनी मोबाईलवर ग्रुप काढला. त्याच्यावर लाईट आल्याचा निरोप यायचा, पण सुप्रभात आणि फुलांच्या चित्रांच्या गर्दीत तो कुणाला सापडायचा नाही. मग हळूहळू एकेकानं चोरून ऑटो परत बसवले. दादा खाटेवर पडल्या पडल्या ऐकायचे, सगळ्या मोटरी एकदम उठतायत. "डीपी जाईल," एवढंच म्हणायचे आणि भिंतीकडं तोंड करायचे. भाकरी निम्म्यावर आली. हा माणूस झोपेतही गप्प बसत नसे, तो दिवसदिवस बोलेना. मला ऑपरेशनची वाटली नव्हती एवढी भीती त्या गप्प बसण्याची वाटली. आपला काही उपयोग उरला नाही असं एकदा माणसानं मनात घेतलं, की डॉक्टर काय करणार?

आणि मग एका सकाळी, ध्यानीमनी नसताना, ओसरीवरून आवाज फुटला, "वरचा मळाऽ!"

सासूबाईंचं दूध उतू गेलं. हे विहिरीकडं पळाले, तर पेटीवर तीन दिवे लख्ख. दादा खाटेवर उठून बसले होते आणि कान लावून वरच्या मळ्याच्या मोटरीची वाट बघत होते. तिचा सूर लागला आणि त्यांनी चिंचेखालच्याला हाक दिली. दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशीही. लाईट येते आणि दादांना खाटेवर बसून कळतं! लोक मुद्दाम विचारायला यायचे. "दादा, कसं काय कळतं ओ तुमाला?" दादा मिशीला हात लावून म्हणायचे, "कळतं. इतकी वर्सं घातलीत लाईटीमागं, न कळून कसं चालंल?" आणि त्याच दमात, "तू ऑटो काढला का न्हाई? खरं सांग." महिन्याभरात वस्तीवरचे ऑटो पुन्हा उतरले. दादांच्या ताटातली भाकरी पूर्ववत झाली, वर ठेचाही मागायला लागले. मला इतकं बरं वाटत होतं, की ते हाक देतात कशाच्या जोरावर, हे विचारायचं मला सुचलंच नाही.

शिवाय मी कम्प्युटरच्या मागं लागले होते.

सासूबाईंची उलटतपासणी झाली. "मी कशाला हात लावू तुझ्या त्या खोक्याला?" असं म्हणून त्यांनी दोन दिवस पुढच्या खोलीत झाडूसुद्धा फिरवला नाही. मांजराला खोलीबाहेर काढलं, ते खिडकीतून दादांच्या खाटेवर गेलं. मी माऊस उताणा करून ठेवला, मग तो काढूनच ठेवला. तरी कम्प्युटर चालू. इंटरनेटवर वाचून एकेक उपाय केला. कम्प्युटर बंद झाल्यासारखा दिसतो पण खरं तर डुलकी घेत असतो, असं एका ठिकाणी कळलं, तर त्याची डुलकी बंद केली. ठरल्या वेळी उठून स्वतःचं काहीबाही नवं उतरवून घ्यायची त्याला मुभा असते, ती काढून घेतली. इंटरनेटची वायर उपसली. चालू करायचं बटन अडकलं असेल म्हणून डबा उघडून त्याच्यातली धूळ फुंकली. एवढी धूळ निघाली की तिच्यात मेथी उगवली असती. बटन तर शहाण्यासारखं वरखाली होत होतं. डबा बंद केला, समाधानानं भाकरी टाकायला गेले, आणि परत येते तर स्क्रीनवर तेच निळं आभाळ.

"भुताटकी हाय," आमचे हे म्हणाले. ह्यांच्या बोलण्यात काळजी कमी आणि मजा जास्त होती. मी म्हटलं, "भूत असेल तर दोन पत्रिका टाइप करून ठेव म्हणावं."

शेवटी कम्प्युटर उचलून राहुरीला दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानदार भला माणूस. त्यानं आठवडाभर ठेवून घेतला. रोज फोन करायचे, रोज तो सांगायचा, "ताई, काहीच करत नाही हो. बंद केला की बंदच राहतो." सासरी जाच करणारं माणूस पाहुण्यांपुढं कसं गरीब होतं, तसं झालं कम्प्युटरचं. माझीच अक्कल काढल्यासारखं वाटून मी चिडले.

त्या आठवड्यात दादांची हाक आली नाही. मोटरी कधी उशिरा सुरू व्हायच्या, कधी दोन-तीन एकदम. दादा म्हणाले, घसा बसलाय. सासूबाईंनी हळदीचं दूध दिलं, मी काढा केला. आवाज तर चांगला खणखणीत होता, पण मी म्हटलं असेल काहीतरी आतून. जेवण पुन्हा कमी झालं तेव्हा मात्र मी ह्यांना म्हटलं, "दादांना एकदा नगरला दाखवून आणू या." दादा भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "मला काय धाड भरलीया? तुझं मशीन आलं का दुरुस्त हून?" मला कौतुक वाटलं, स्वतः आजारी आणि काळजी सुनेच्या कामाची!

कम्प्युटर परत आला आणि दुसऱ्याच दिवशी आपोआप चालू झाला. दादांचा घसाही त्याच दिवशी सुटला. एखाद्या बावळट बाईच्याही लक्षात आलं असतं, पण मी हुशार ना!

मी ठरवलं, आता डोळ्यांत तेल घालून बसायचं. परातीत पीठ घेऊन पुढच्या खोलीतच बसले आणि कम्प्युटरवर नजर ठेवून मळायला लागले. तो बंद. डोक्यावरचा पंखा फिरत होता. खोलीच्या कोपऱ्यात आमचा इन्व्हर्टर आहे. लाईट गेली की घरातले पंखे आणि दिवे तो सांभाळतो, कम्प्युटर आणि प्रिंटरचा भार त्याला झेपत नाही म्हणून ते सरळ बाहेरच्या लाईटीवर आहेत. पीठ मळता मळता इन्व्हर्टरमध्ये टक् झालं. पंखा तसाच फिरत राहिला. थोड्या वेळानं पुन्हा टक् झालं, आणि त्याच्यामागोमाग कम्प्युटरनं पिक् करून डोळा उघडला.

पिठाच्या हातानं उठले. म्हणजे लाईट गेली होती आणि परत आली होती! सिंगल फेज बंद करून तीन फेज सोडताना मधे थोडा वेळ लाईट तोडतात. इन्व्हर्टरमुळं घरात कुणाला ते कळतच नव्हतं, कळत होतं फक्त कम्प्युटरला. आणि कम्प्युटरचं भिंतीवरचं बटन तर सदा चालू. वस्तीवर बटन बंद करायची रीतच नाही. मी नवी असताना केडगावच्या सवयीनं जाता-येता बटनं बंद करायचे, तेव्हा सासूबाईंनी मला खाली बसवून समजावलं होतं, "बटन बंद केल्यावर लाईट आलेली कळायची कशी? चालू ठिवावं. आली की आपलं आपुन सुरू हुतं." चार्जर, टाकीची मोटर, मिक्सर, सगळ्यांची बटनं आमच्याकडं लाईटीची वाट बघत चालूच असतात. राहुरीच्या दुकानात ह्यातलं काहीच नव्हतं, म्हणून तिथं तो साळसूद.

आनंदानं मी दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "मग सोपं आहे ताई. आतला बटनासारखा छोटा सेल संपला असणार, म्हणून तो केलेली सेटिंग विसरतो. सेल बदला, आणि लाईट जाऊन आल्यावर काय करायचं ते त्याला एकदा सांगून ठेवा." सेल आणला, बसवला. कम्प्युटर सुरू होतानाच एक बटन दाबून धरलं की आतल्या सेटिंगचं पान उघडतं, तिथं तो प्रश्न सापडला. लाईट परत आल्यावर चालू हो, की बंद राहा? मी "बंद राहा" ठेवलं आणि संध्याकाळी सगळ्यांना शिरा करून घातला. नवऱ्यापुढं भुताची चांगली उत्तरक्रिया केली. दादांनी शिरा दोन घास खाल्ला आणि बशी खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी कम्प्युटर गप्प राहिला. मी भाकऱ्या टाकून आले, स्क्रीन काळा. काय समाधान वाटलं म्हणून सांगू! हाक काही आली नाही. दूर कुठंतरी दोन मोटरी एकदम उठल्याचं ऐकू आलं, मग ह्यांचा आवाज, मग भांडणाचा.

त्याच्या दुसऱ्या दिवशी मी टेबलावर कागद लावत होते, तेव्हा खिडकीच्या गजांमागं दादांचा चेहरा आला. वॉकर धरून उभे होते आणि आत बघत होते. माझ्याकडं नव्हे, कम्प्युटरकडं.

"सूनबाई, तुझं मशीन बरं हाय ना?"

"हो दादा. अगदी बरं झालं."

"बोलत न्हाई आता ते?"

"नाही. आता मी चालू केल्याशिवाय हूं की चूं करणार नाही."

"बरं झालं," दादा म्हणाले. खाटेवर जाऊन बसले आणि डीपीकडं बघत राहिले.

माझ्या हातातले कागद तसेच राहिले. पिक्! त्यांच्या उशाशी, गजांच्या ह्या बाजूला, रोज सकाळी ते पिक् होत होतं. त्यांनी कधीतरी पडल्या पडल्या त्या आवाजाचा आणि तीन फेजचा मेळ घातला असणार, आणि कुणाला एका शब्दानं सांगितलं नसणार. सांगितलं असतं तर सून काय म्हणाली असती? दादा, माझा कम्प्युटर बिघडलाय आणि तुम्हाला गंमत सुचते? म्हणून मी दुरुस्तीच्या मागं धावत असताना त्यांनी मला अडवलं नाही. माझ्या कामाचं मोल त्यांना माझ्याइतकंच होतं. मला अगदी भरून आलं. सरळ जाऊन विचारावं असंही वाटलं, पण विचारायचं काय? "तुमचं गुपित हेच ना?" आख्ख्या वस्तीपुढं मिशीला हात लावणाऱ्या माणसाला असं विचारू नये, एवढी अक्कल मला होती.

मी दार लोटून घेतलं, कम्प्युटर सुरू करतानाच ते सेटिंगचं पान उघडलं आणि त्याला सांगितलं, लाईट आली की चालू हो. त्याचा तो पिक् आवाजही बंद-चालू करायची सोय तिथंच होती. तो चालूच आहे ना, ते दोनदा बघून घेतलं. मग कम्प्युटर बंद केला आणि भिंतीवरचं बटन, सासूबाईंच्या शिकवणीप्रमाणं, चालू ठेवलं.

पुढच्या सकाळी मी स्वयंपाकघरात होते, पण कान सगळा ओसरीवर. तव्यावरची भाकरी करपली. आणि मग आलं, "वरचा मळाऽ!" अहाहा! दोन दिवसांचं साठलेलं सगळं त्या आवाजात होतं. वरच्या मळ्यातून उत्तरादाखल कुणीतरी शिट्टी मारली.

जेवताना दादा ताटाकडं बघत म्हणाले, "सूनबाई, तुझं मशीन पुन्हा बिघाडलं वाटतं."

"हो ना दादा. राहुरीवाल्यानंही हात टेकले. आता असंच चालायचं म्हणतो."

दादांनी भाकरी मोडली, ठेच्याला लावली. "तुझ्या कामाचा काही खोळंबा न्हाई ना हुत त्येनं?"

"छे! नुसता उठून बसतो. मी परत झोपवते."

"मंग आसू दे," ते म्हणाले आणि आणखी अर्धी भाकरी मागून घेतली.

आमच्या ह्यांना काहीच कळलं नाही. ते अजून भूत म्हणतात. सासूबाईंना किती कळलं होतं, ते मला नीटसं सांगता येणार नाही. त्या बाईच्या नजरेतून सुटत तर काही नाही.

हे सगळं थंडीतलं. परीक्षांचे दिवस आले तेव्हा माझी तारांबळ सुरू झाली. क्लासवाल्यांना प्रश्नपत्रिका सकाळीच छापून हव्या असायच्या. सिंगल फेजवर कम्प्युटर कसाबसा चालतो, पण प्रिंटर चालत नाही, आणि तीन फेज आली की नेमक्या त्याच वेळी मोटरी सुरू व्हायच्या. एकदा का त्या सगळ्या चालू झाल्या की लाईटीचा जोर उतरतो. पंखा म्हाताऱ्यासारखा फिरतो, प्रिंटर कागद अर्धा गिळून थांबतो. अडकलेला कागद ओढून काढताना मी तोंडानं काय काय म्हणत होते, ते लिहिण्यासारखं नाही. एक दिवस तर अशी वैतागले की प्रिंटर तसाच टाकून स्वयंपाकघरात आले आणि भांडी आपटायला लागले. सासूबाई लसूण सोलत होत्या.

"काय बिनसलं?"

"काय बिनसायचंय? सगळ्यांच्या मोटरी झाल्या की मग माझा नंबर. तोवर लाईटीत जीव राहत नाही."

सासूबाईंनी ओसरीच्या दाराकडं बघितलं आणि नेहमीपेक्षा जरा मोठ्यानंच म्हणाल्या, "सुनंचंच मशीन ते. सगळ्यांच्या आधी उठायचं आन सगळ्यांच्या मागनं जेवायचं."

मला हसू फुटलं आणि राग निम्मा उतरला. ओसरीवर खाट करकरली. बाकी काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी क्लासवाला आठ वाजल्यापासून ओसरीच्या पायरीवर बसून होता, चहाचे दोन कप झाले होते. मी प्रश्नपत्रिका लावून ठेवून कम्प्युटर बंद केला होता, कारण लाईट मधे तुटणार आणि केलेलं जाणार. टेबलापाशी नुसती बसून होते. कोपऱ्यात टक् झालं. थोड्या वेळानं पुन्हा टक्, आणि कम्प्युटरनं पिक् केलं. मी मुकाट्यानं हात मांडीवर ठेवले. आता वरचा मळा, मग चिंचेखाली, मग ओढा. सगळं होईपर्यंत प्रिंटर मरणार हे ठरलेलंच.

खिडकीबाहेर दादांनी घसा खाकरला.

"थांबा रेऽ! कुनीबी मोटर दाबायची न्हाईऽ! आधी सूनबाईचं छापून हुंद्याऽ!"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. पण बांधावरून ती हाक पुढं गेली. ओढ्याकडच्यानं चिंचेखालच्याला दिली, "सूनबाईचं छापून हुंद्याऽ!" चिंचेखालच्यानं पलीकडं दिली. उसावरून माझंच काम माझ्या नावानं लांब लांब जात होतं, आणि पार वरच्या मळ्यातून बारीक आवाज आला, "व्हय, हुंद्या निवांतऽ!"

आख्खी वस्ती स्टार्टरवर हात ठेवून उभी होती आणि एकही मोटर वाजत नव्हती. प्रिंटर असा चालला, की एक कागद अडकेल तर शपथ. मला स्क्रीनवरची अक्षरं धड दिसत नव्हती, पण छापायला ती दिसावी लागत नाहीत. क्लासवाला दारातून आत डोकावून म्हणाला, "ताई, तुमचं वजन आहे बुवा वस्तीत!" मी त्याला गठ्ठा दिला, डोळे पदराला पुसले आणि खिडकीशी गेले. दादा माझ्याकडं न बघता डीपीकडं बघत बसले होते. मांजर त्यांच्या पायाशी होतं.

"झालं, दादा."

"सगळं झालं? का ऱ्हायलंय काई?"

"सगळं झालं."

"मशीन बंद कर मंग. आता लाईटीचा जोर उतरंल," ते म्हणाले, आणि मिशीला हात लावून त्यांनी वरच्या मळ्याला हाक दिली.